व्हिसा विकत मिळत नसतो

सकाळी आठच्या सुमारास मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनबाहेर थोडा वेळ उभं राहिलं, की काही बायका गर्दीच्या उलट दिशेने येताना दिसतात. लोक कामावर निघालेले असतात आणि या घरी परतत असतात. पिशवीत रिकामा डबा, घडी केलेली चादर, एखादा ॲप्रन. रात्रभर कुणाच्या तरी आजीची दर दोन तासांनी कूस बदलून, नळीतून दूध देऊन, डायपर बदलून, "उजाडलं का गं?" या प्रश्नाला दहादा उत्तर देऊन त्यांची बारा तासांची ड्यूटी संपलेली असते. त्यांना काम देणाऱ्या ब्युरोच्या भाषेत त्या केअरटेकर आणि सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत 'पेशंटची बाई'. गेल्या काही वर्षांत यांतल्या कितीतरी जणींच्या मोबाईलवर एकाच धाटणीचे मेसेज येतात : परदेशात केअरगिव्हर पाहिजेत, पगार लाखांत, राहणं-जेवण फुकट, व्हिसा मालक देणार.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. एएनएम, जीएनएम करून तुटपुंज्या पगारावर थांबलेल्या मुलामुलींसाठीही आहे. असे सगळेच मेसेज खोटे नसतात. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारे हात जपानला, इस्रायलला, जर्मनीला खरोखर कमी पडताहेत. पण त्या कामापर्यंत पोचण्याचा क्रम आपल्याकडे उलटा लागतो. आधी दागिने गहाण पडतात, मग कागद गोळा होतात, आणि तिथली भाषा शिकायची आठवण सगळ्यात शेवटी येते.

सुरुवात एका शब्दापासून करू. स्पॉन्सर म्हणजे कोण? ज्या मालकाला, वृद्धाश्रमाला किंवा कुटुंबाला माणूस हवं आहे आणि जो स्वतःच्या देशाच्या सरकारपुढे जाऊन सांगतो की या व्यक्तीला मी कामावर ठेवतो, तिच्या पगाराला मी बांधील आहे, तो स्पॉन्सर. अंधेरीच्या ऑफिसात तुमच्यासमोर बसलेला माणूस स्पॉन्सर नाही, तो फार तर मधला दुवा आहे. खऱ्या मालकाला गरज तुमच्या हातांची असते, म्हणून त्याचा पहिला प्रश्न 'तुम्हाला काय काय येतं?' असा असतो. पहिला प्रश्न 'किती भरू शकाल?' असा आला तर तिथून उठा. या एका कसोटीवर मेसेजमधली निम्मी गर्दी गळून पडते.

दुसरी कसोटी म्हणजे दार सध्या उघडं आहे का हे स्वतः पाहणं. ब्रिटनचंच घ्या. १५ फेब्रुवारी २०२२ पासून ब्रिटनने केअर वर्करना बाहेरून बोलावायला सुरुवात केली. शिक्षणाची अट सैल, सोबत नवरा आणि मुलं नेण्याची मुभा. भारतातून लोकांनी रांगा लावल्या आणि स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्राचाच बाजार उभा राहिला. कायद्याने जो कागद मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यायचा, तो लाखो रुपयांना विकला जाऊ लागला. तिथे पोचलेल्यांना कळलं, की कंपनीचं नाव आहे पण काम नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक स्पॉन्सर परवाने रद्द केले, आणि त्या मालकांशी जोडलेले ३९,००० हून जास्त कामगार होते. मालकाचा परवाना गेला की कामगाराला साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर परत फिरावं लागतं. कर्ज मात्र इथेच उभं असतं. मार्च २०२४ मध्ये कुटुंब नेण्याची सोय बंद झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद केली गेली. तरीही 'यूके केअर व्हिसा, इंग्रजी परीक्षा नको, शंभर टक्के खात्री' असे मेसेज फिरताहेत. ते पाठवणारा माणूस बंद दाराचं तिकीट विकतो आहे. रजिस्टर्ड नर्सचा मार्ग वेगळा आहे, त्याला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परीक्षा आणि नोंदणी लागते. त्या मार्गाचं नाव सांगून केअर वर्करचा व्हिसा गळ्यात मारणारेही आहेत.

कॅनडाचं थोडक्यात सांगते. घरगुती सेवा करणाऱ्यांसाठीची तिथली कायम वास्तव्याची योजना ३१ मार्च २०२५ ला सुरू झाली आणि त्याच दिवशी ऑनलाईन जागा भरून गेल्या. त्यातही कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांनाच अर्ज करता आला. तेव्हा 'कॅनडात पेशंट सांभाळा, लगेच पीआर' या वाक्यावर एक रुपयाही खर्चू नये.

आता इस्रायल. आपल्या दृष्टीने याच देशाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण इथे महाराष्ट्र सरकार स्वतः मध्ये आहे. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२,००० कामगारांचा करार झाला. त्यात ३४,००० बांधकामासाठी आणि ८,००० सेवाशुश्रूषेसाठी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलने राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाकडे आणखी १०,००० बांधकाम कामगार आणि ५,००० केअरगिव्हर मागितले. पुढे आपल्या राज्याच्या कौशल्य विकास विभागाने 'घरगुती सहायक' या नावाने ५,००० जागांचं आवाहन केलं. अर्ज 'महाराष्ट्र इंटरनॅशनल' या सरकारी संकेतस्थळावर मागवले. वय २५ ते ४५, किमान दहावी, कामापुरतं इंग्रजी, आणि मान्यताप्राप्त संस्थेतला किमान ९९० तासांचा, प्रत्यक्ष कामाच्या सरावासह केलेला काळजीवाहू अभ्यासक्रम, किंवा मग एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग यांसारखं प्रमाणपत्र. पगार महिन्याला अंदाजे १,३१,८१८ रुपये. पुढची जाहिरात येईल तेव्हा आकडे नव्याने वाचा, पण तयारीसाठी ही चौकट धरून चाला.

यातली ९९० तासांची अट नीट पाहा. उपनगरात गल्लोगल्ली 'नर्सिंग असिस्टंट'चे तीन महिन्यांचे क्लास आहेत. फी भरण्याआधी त्यांना दोनच प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर तास छापलेले असतात का, आणि प्रमाणपत्र कोणाचं? त्यांच्या स्वतःच्या शिक्क्याचं, की सरकारमान्य कौशल्य मंडळाचं? वर्षानुवर्षं पेशंट सांभाळलेल्या ताईंची खरी अडचण इथेच होते. हातात दहा वर्षांचं कसब असतं आणि कागद एकही नसतो. ब्युरोकडून अनुभवाचं पत्र मागून घ्या. ज्या घरी लांब ड्यूटी केली त्या कुटुंबाकडूनही चार ओळी लिहून घ्या : कधीपासून कधीपर्यंत, पेशंटला काय आजार, तुम्ही काय काय करत होता. पक्षाघात, डिमेन्शिया, कॅथेटर, बेडसोअर हे शब्द त्यात येऊ द्या. प्रमाणपत्राची जागा ही पत्रं घेणार नाहीत, पण मुलाखतीत त्यांचं वजन पडतं.

इस्रायलमधलं काम घरात राहून करायचं आहे. एक पेशंट, एक घर, आणि दिवसरात्र त्याच छपराखाली तुम्ही. बारा तासांनी लोकल पकडून घरी येण्याची सवय असलेल्या बाईला हा बदल सोपा नसतो. आठवड्याची सुट्टी हा तिथे हक्क आहे, तो करारात आहे ना ते पाहा. मुक्कामाची मर्यादा साधारणपणे ६३ महिने, म्हणजे सव्वापाच वर्षं. नवरा-बायको दोघांना एकाच वेळी तिथे काम करायला जाता येत नाही, मुलंही नेता येत नाहीत. पगार किंवा वागणुकीबद्दल तक्रार असेल तर 'काव लाओवेद' ही तिथली कामगारांची संस्था परदेशी सेवकांना मदत करते. हे नाव जाण्याआधीच लिहून ठेवा.

आणि युद्ध. ते टाळून मला पुढे जाता येणार नाही. मे २०२१ मध्ये अश्कलोन शहरात केरळची एक सेविका रॉकेट हल्ल्यात मृत्युमुखी पडली. जून २०२५ मध्ये इराणशी संघर्ष पेटला तेव्हा आपल्या सरकारने 'ऑपरेशन सिंधू' हाती घेऊन भारतीयांना परत आणलं. भोंगा वाजला की तेल अवीवमध्ये सुरक्षित खोलीत जायला दीड मिनिट मिळतं, अश्कलोनमध्ये अर्धंच मिनिट. तुम्ही एकट्या असाल तर धावाल. अंथरुणाला खिळलेलं माणूस तुमच्या हवाली असेल तर काय, याचा विचार मुंबईतच करा आणि घरच्यांशी उघड बोला. कोणत्या शहरात काम आहे आणि घरात सुरक्षित खोली आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एक मात्र आहे. अलिबाग, पेण, पनवेलकडून गेलेल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांमुळे दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावांत मराठी अजून कानावर पडते. तुमचा पेशंट मराठी बोलेल असं समजू नका, तो रशियन किंवा अरबी बोलणाराही असेल. पण सुट्टीच्या दिवशी 'कशी आहेस?' विचारणारं कुणी भेटणं ही परक्या देशात मोठी गोष्ट असते. हिब्रूचे थोडे शब्द इथूनच घेऊन जा. पाणी म्हणजे 'मायिम', दुखतंय म्हणजे 'कोएव'. ज्या भाषेत पेशंट कण्हतो ती कळली नाही तर आपलं सगळं कसब अर्धं होतं.

ज्यांना घरात राहून काम नको, पाळी संपली की स्वतःची खोली हवी, त्यांनी जपानकडे पाहावं. माझं स्वतःचं मत विचाराल, तर पंचविशीच्या आतल्या आणि अभ्यासाची तयारी असलेल्या मुलामुलींसाठी आज हाच रस्ता सगळ्यात सरळ आहे. जपानमध्ये 'काइगो' म्हणजे वृद्धसेवा. एप्रिल २०१९ पासून तिथे 'विशिष्ट कौशल्य' नावाचा व्हिसा आहे आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी करार झाला. नर्सिंगची पदवी लागत नाही. लागतात त्या परीक्षा : जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची जेएफटी-बेसिक, शिवाय वृद्धसेवेच्या कौशल्याची एक आणि वृद्धसेवेत वापरल्या जाणाऱ्या जपानीची एक. एन-४ पर्यंत यायला रोज नेमाने अभ्यास केला तर साधारण वर्ष धरा. बोरिवलीहून चर्चगेटला जाण्या-येण्यात जे अडीच तास जातात त्यांतले निम्मे कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, पाठ करण्यात गेले तरी खूप झालं.

या परीक्षांचं मोठेपण असं, की त्या विकत मिळत नाहीत आणि एकदा पास झालात की तुमच्याकडून कुणी हिसकावूही शकत नाही. एजंट बदलला, मालक बदलला, तरी निकाल तुमचा. पहिल्या टप्प्याचा हा व्हिसा साधारणपणे पाच वर्षांचा असतो, त्यात कुटुंब नेता येत नाही. पण तीन वर्षं काम करून, ठरलेलं प्रशिक्षण घेऊन 'काइगो फुकुशिशी' ही राष्ट्रीय परीक्षा पास झालात तर पुढचा व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि नवरा-मुलांना बोलावता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीयांना जपानमध्ये नेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे, म्हणजे निदान काही वर्षं तरी हे दार मिटणारं दिसत नाही. काम मात्र अंगमेहनतीचं. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं हा त्यातला रोजचा आणि तिथल्या लोकांच्या फार जिव्हाळ्याचा भाग आहे. शिवाय प्रत्येक पाळीची नोंद जपानीत लिहावी लागते.

जर्मनीत शिकता शिकता कमावण्याची सोय आहे. तीन वर्षांचं नर्सिंगचं व्यावसायिक शिक्षण 'आउसबिल्डुंग' म्हणून ओळखलं जातं. त्यात पहिल्या वर्षापासून विद्यावेतन मिळतं, पण साधारणपणे बारावी आणि बी-१ किंवा बी-२ पातळीचं जर्मन हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही रुग्णसेवा होती. सरकारी योजनेची वाट पाहत भाषा थांबवू नका. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-१ पासून परीक्षा देता येतात, आणि योजना पुढे सरको वा अडको, बी-२ हातात असलेल्या मुलीला जर्मन रुग्णालयं स्वतःहून विचारतात.

आखाताबद्दल मी सावधगिरीनेच बोलेन. तिथे 'केअरगिव्हर' म्हणून नेलेल्या बाईला अनेकदा स्वयंपाक, धुणी, चार मुलं आणि शिवाय आजोबा असं सगळंच करावं लागतं. जिचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामासाठी सरकारी मंजुरी लागणारा, आहे अशा ३० वर्षांखालच्या बाईला तिथल्या घरकामासाठी सरकारी मंजुरी मिळतच नाही. म्हणून एजंट व्हिजिट व्हिसाची युक्ती सुचवतो : 'आधी फिरायला म्हणून जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ'. त्या क्षणापासून तुम्ही सरकारच्या कागदावर कामगार नसता आणि अडचण आली तर मदत मिळायलाही उशीर होतो. दहावी पास असाल तर प्रमाणपत्र जोडून पासपोर्टवरचा ईसीआरचा शेरा काढून घ्या. पण हा शेरा निघाला म्हणून व्हिजिट व्हिसावर कामाला जाणं सुरक्षित होत नाही.

एजंट गाठायची वेळ आलीच, तर त्याची परीक्षा घ्यायला फार धैर्य लागत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला केंद्र सरकारची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, जाहिरातीतही तो छापलेला असायला हवा. तो मोबाईलमध्ये टिपा, घरी या आणि 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, क्रमांक ताडून पाहा. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच मिळते. 'आमच्या मोठ्या ऑफिसचं लायसन्स आहे, आम्ही त्यांची शाखा' असं कुणी म्हटलं तर त्या शाखेचा पत्ता नोंदीत दिसला पाहिजे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. पावती घ्या, शक्यतो बँकेतूनच द्या. 'पावती मागितलीत तर काम होणार नाही' हे वाक्य ऐकलंत की समजा, काम तसंही होणार नव्हतं.

शंका असेल तर बीकेसीतल्या विदेश भवनात जा. पासपोर्ट कार्यालयासोबत 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'चं कार्यालयही तिथेच आहे. घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो एकने मरोळ नाक्याला उतरून मेट्रो तीन पकडली की थेट बीकेसी. मुलुंडकरांनी कुर्ल्याला आणि बोरिवलीकरांनी वांद्र्याला उतरून बस घेतली तरी चालतं. एजंटने दिलेला करार आणि जाहिरात सोबत न्या. ऑफर लेटर दाखवून 'हे खरं आहे का?' एवढं विचारायलाही संकोच नको, कारण विदेशात जाणाऱ्या कामगारांसाठीच ते कार्यालय आहे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल-फ्री क्रमांकही जवळ ठेवा.

कर्जाचा हिशेब कागदावर करा, मनात नको. महिना दोन टक्क्यांनी १० लाख घेतले तर नुसतं व्याज महिन्याला २०,००० होतं. तिथल्या पगारातून खाणं, फोन, विमा आणि घरी पाठवायचे पैसे वजा करून पाहा, मुद्दल कुठल्या वर्षी संपतं ते दिसेल. ते तिसऱ्या वर्षाच्या पुढे जात असेल तर हा सौदा करू नका.

कागदांमध्ये आपल्या बायकांची हमखास अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. परदेशी अधिकाऱ्याला या तिन्ही वेगवेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला आणि लागलंच तर राजपत्रात नाव बदलल्याची नोंद आधी करून घ्या, पासपोर्ट त्यानंतर. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी राहू देऊ नका. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो, त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टील लागतो का, हे देशाप्रमाणे बदलतं, तेव्हा मालकाकडून लेखी विचारून मगच खर्च करा. मूळ कागद कुणाच्याही ऑफिसात 'ठेवून' येऊ नका. पासपोर्ट तर नाहीच.

करार आला की तो मराठीत किंवा निदान हिंदीत समजावून घ्या. मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, पगार कोणत्या चलनात आणि त्यातून काय काय कापणार, कामाचे तास, सुट्टी, आजारपणात काय, परतीचं तिकीट कुणाचं, हे त्यात स्पष्ट असायला हवं. विमानतळावर पोचल्यावर वेगळा करार पुढे केला तर सही करू नका आणि घरी फोन करा.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक काम उरतं. करार, पासपोर्ट, व्हिसा यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच घरी, एक बहिणीकडे किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा. तिथल्या घराचा पत्ता, मालकाचा फोन आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात चिकटवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार कशी करायची, ते घरातल्या एका माणसाला एकदा पाहून ठेवायला सांगा. फोनचा वार आणि वेळ ठरवा. रविवारी रात्री नऊला तुमचा फोन आला नाही, तर सोमवारी सकाळी कुणी, कुठे आणि कोणता कागद हातात घेऊन फोन करायचा, हे त्या माणसाला तोंडपाठ असू द्या.